न आलेला खोकला

"पोरीचा दम तुटाय लागलाय," आण्णा म्हणाले.

वैजयंता पोळीच्या डब्याचं झाकण शोधत होती. सकाळचे साडेसहा वाजले होते, वरच्या खोलीतला रियाज आत्ताच आटपला होता आणि तिला सातच्या आत घर सोडायचं होतं. वडिलांच्या बोलण्याकडं तिनं अर्धाच कान दिला.

"कुणाचा?"

"केतकीचा की. तिनं सनईवर सा धरला की मी मनात मात्रा मोजतो. गेल्या आठवड्यात सोळा भरत हुत्या. काल बारा. आज नवातच खाली आली आन् माझ्याकडं बघत बसली."

"झोप झाली नसंल, आण्णा. उद्या भरतील सोळा."

"झोपंचा दम येगळा असतो, वैजू. ह्यो येगळा हाय."

आण्णांनी, म्हणजे दत्तोबा गुरवांनी, चाळीस वर्षं देवळात पहाटेची सनई वाजवली होती. समोरच्या माणसाच्या छातीत किती वारा आहे हे त्यांना लांबून कळायचं, आणि कळतं याचा थोडा तोराही होता. पण सकाळच्या घाईत तोरेवाल्या म्हाताऱ्याचं ऐकतो कोण? तरी वैजयंतानं लेकीला जवळ ओढलं आणि कपाळाला हात लावला. अकरा वर्षांची केतकी मुकाट उभी राहिली.

"खोकला?"

"नाही."

"घसा दुखतोय?"

"नाही गं. नुसतं दमायला होतंय."

आईचा हात म्हणजे थर्मामीटरचा बाप, असं आपल्याकडं समजतात. त्या सकाळी वैजयंताचा हात चुकला नव्हता, कपाळ खरंच गार होतं. शाळेच्या दारातल्या यंत्रालाही काही वावगं दिसलं नाही. मागच्या मोठ्या साथीनंतर सगळ्या शाळांच्या दारांत ही यंत्रं बसवली होती. आत शिरणाऱ्या पोराचा ताप मोजायचा, खोकला ऐकायचा आणि हिरवा नाहीतर लाल दिवा लावायचा, एवढंच त्यांचं काम. पोरं त्याला 'कान' म्हणत. कानानं केतकीला हिरवा दिवा दाखवला आणि वैजयंता निर्धास्त मनानं कामावर गेली.

ती कामाला होती श्वासधारा संशोधन केंद्रात, मिरजेच्या बाहेर, पंढरपूर रस्त्याला. तिथल्या प्रयोगशाळेत ती तंत्रज्ञ होती. आणि तिचे वडील तिथलेच एक रुग्ण होते.

आण्णांचा आजार सनईनंच दिलेला. लाकडी सनईच्या आत तोंडाची ओल साठते, ओलीवर बुरशी धरते, आणि वाजवणारा माणूस फुंकता फुंकता जो श्वास मागं ओढतो त्याच्याबरोबर बुरशीची धूळ छातीत जाते. एकदोन वर्षांत काही होत नाही. आण्णांनी चाळीस वर्षं ओढली. त्यांच्या फुप्फुसांनी त्या धुळीला शत्रू ठरवलं आणि लढाई मांडली. दाह म्हणतात तो हाच. खरं तर दाह म्हणजे शरीराची राखण. परकं काही शिरलं की पेशी एकमेकींना रसायनांच्या हाका मारतात, त्या हाकांसरशी पांढऱ्या पेशी धावत येतात, ताप चढतो, कफ सुटतो, खोकला येतो. आपण ज्याला आजारपण म्हणून शिव्या घालतो, त्यातलं निम्मं ही राखणच असते. आण्णांच्या छातीत मात्र शत्रू गेला तरी हाका थांबल्या नाहीत. जुनी सनई फेकून दिली, तरी राखणदार आपलंच घर बडवत राहिले. फुप्फुसं सुजली, मग जागोजागी निबर झाली. स्टेरॉइडांनी साखर वाढली, हाडं ठिसूळ झाली, आणि चार पायऱ्या चढल्या की आण्णा कठड्याला धरून उभे राहायचे ते राहायचेच.

डॉ. फरीदा बागवान आणि त्यांच्या माणसांनी आठ वर्षं खपून यावर उपाय काढला तो औषधाचा नव्हता, जंतूचा होता. माणसाच्या घशात कुणाच्या अध्यातमध्यात न येणारे पुष्कळ जंतू राहतात. त्यातल्या एका गरीब जंतूला त्यांनी दोन गोष्टी शिकवल्या. एक, दाहाच्या हाका ऐकायच्या. दोन, हाका जितक्या मोठ्या, तितकं एक शांतवणारं प्रथिन सोडायचं. वाफाऱ्यातून तो छातीत सोडला की श्वासनलिकांत वस्ती करायचा आणि आपलं काम करत राहायचा. त्याला नाव दिलं शीतल.

शीतल मोकाट सुटू नये म्हणून त्याच्या गळ्यात दावं बांधलं होतं. त्याला जगायला एक साखर लागायची, जी निसर्गात कुठंच नाही, फक्त केंद्रात बनते. ती मिळाली नाही की दोन दिवसांत तो मरायचा. रुग्णांनी सकाळ-संध्याकाळ त्या साखरेचं दाट सिरप घ्यायचं. रुग्ण त्याला खुराक म्हणत आणि बाकावर बसून एकमेकांना विचारत, "काय, तुमचं जनावर बरं आहे न्हवं?"

आण्णांचं जनावर उत्तम होतं. चार महिन्यांत ते जिना चढले. सहाव्या महिन्यात त्यांनी नवी सनई आणली. तिची नळी दर रविवारी औषधानं धुतली जाई, बुरशीचं नाव नव्हतं. आणि दसऱ्याच्या दिवशी त्यांनी नातीला समोर बसवून पहिला सा दिला. त्या दिवशी वैजयंता माजघरात उभी राहून रडली होती. बाप मरणार हे तिनं दोन वर्षांपूर्वीच मनाशी धरलं होतं, आणि तो वर बसून नातीला ओरडत होता.

साडेअकराला आण्णांचा फोन आला.

"पोरगी शाळेतनं लवकर आलीया. पायरीवरच बसली. झोप येतीया म्हणती. म्या गंमत म्हणून माझं बोटाचं मशिन तिला लावलं, तर शहाऐंशी दावतंय. बिघडलं जनू."

वैजयंताच्या हातातली नळी तशीच राहिली. रक्तातला प्राणवायू मोजणारं ते यंत्र तिनंच आण्णांना आणून दिलं होतं. धडधाकट पोराचा आकडा अठ्ठ्याण्णवच्या आसपास असतो.

"आण्णा, आता तेच तुमच्या बोटाला लावा."

थोडा वेळ गेला. "पंच्याण्णव."

म्हणजे मशिन बिघडलं नव्हतं.

"तिला घेऊन इकडं या. आत्ताच्या आत्ता. रिक्षा करा. खोकतीय का ती?"

"न्हाई गं. एकदाबी न्हाई. तापबी न्हाई."

तिनं हातातली नळी खाली ठेवली. खोकला नाही, ताप नाही, आणि प्राणवायू शहाऐंशी. अशी एक केस तिनं पाहिली होती. मागच्या वर्षी कुपवाडच्या एका रुग्णबाईंना न्यूमोनिया झाला होता आणि त्या हसतखेळत गुरुवारच्या तपासणीला आल्या होत्या. छातीचा फोटो काढला तेव्हा कळलं. शीतलला खऱ्या शत्रूची हाक आणि खोटी हाक यातला फरक कळत नाही. हाक आली की तो शांत करतो. म्हणून तर रुग्णांना दर गुरुवारी बोलावून आतून बघत. पण केतकी रुग्ण नव्हती.

वैजयंतानं केंद्राच्या मागच्या दारात लेकीच्या घशातून कापूस फिरवला, तिला आण्णांच्या मांडीवर डोकं देऊन बाकावर निजवलं आणि आत जाऊन कापूस पट्टीवर टेकवला. शीतल असला तर पट्टीवर जांभळी रेघ उठते. दिवसातून वीस वेळा ती ही पट्टी करायची आणि रेघ दिसली की समाधानानं वहीत टिंब लावायची.

रेघ उठली. चांगली ठळक.

ती किती वेळ पट्टीकडं बघत होती कोण जाणे. मग बाहेर आली आणि आण्णांपुढं उकिडवी बसली.

"आण्णा, खरं सांगा. खुराक घेतलेला चमचा हिनं चाटला? पेला? तुमचा ब्रश?"

"खुळी का काय? तूच न्हाई का मला फारम वाचून दावला? चमचा येगळा, पेला येगळा, पोरीचा मुका घ्यायचा न्हाई. म्या एक मोडलं न्हाई."

"मग कशानं?..." आणि तिथंच तिचं तिला कळलं. "आण्णा. जिव्हाळी."

सनईच्या टोकाला ताडाच्या पानाची जी पत्ती असते, तोंडात धरून फुंकतात ती, तिला जिव्हाळी म्हणतात. कोरडी जिव्हाळी वाजत नाही. दत्तोबांच्या घराण्यात गुरूनं ती आपल्या तोंडात भिजवायची, मऊ करायची, सूर लागतो का बघायचा, आणि तशीच ओली शिष्याच्या सनईला लावून द्यायची. शिष्यानं ती पुसायची नाही. पुसली तर विद्या पुसली जाते. या घरात दुसऱ्याच्या ताटातला घास कुणी खात नसे, उष्ट्या पेल्याला कुणी तोंड लावत नसे. पण जिव्हाळी उष्टी होते हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. आण्णा पावणेसहाला खुराक घ्यायचे आणि सहाला रियाजाला बसायचे. गोड चिकट सिरपाचा राप तोंडात असायचा. जंतू आणि जंतूची शिदोरी, दोन्ही रोज सकाळी त्या पत्तीवरून केतकीच्या तोंडात जात होती.

"फारमात जिव्हाळीचं कुटं लिवलं हुतं?" आण्णा पुटपुटले.

नव्हतंच लिहिलं. फॉर्म बनवणाऱ्यांना सनई ठाऊक नव्हती. वैजयंताला ठाऊक होती. ती याच घरात वाढली होती, लहानपणी तिनं स्वतः तीच ओली जिव्हाळी तोंडात धरली होती. आणि फॉर्म वाचून दाखवून 'तोंडाची वस्तू कुणाशी वाटून घेत नाही' या ओळीपुढं बरोबरची खूण तिनंच केली होती. दुसऱ्या कुणाला दोष द्यायची सोय नव्हती.

आता तिनं धावत बागवान मॅडमकडं जायला हवं होतं. ती गेली नाही.

कारण सरकारनं या प्रयोगाला परवानगी देताना घातलेली पहिली अट तिला पाठ होती. रुग्णाशिवाय दुसऱ्या एका जरी माणसात शीतल सापडला, तर त्याच दिवशी सगळ्यांचा खुराक बंद. एक्केचाळीस माणसं. त्यांतली बरीचशी बाकावरची ओळखीची. आणि आण्णा. खुराक बंद म्हणजे दोन दिवसांत शीतल खलास, आणि मग पुन्हा कठडा, पुन्हा नाकात प्राणवायूची नळी, पुन्हा ते रात्रभर बसून काढणं. तेही किती दिवस? आधीच्या फोटोंवरून डॉक्टरांनी फार दिवस दिले नव्हते.

पट्टी तिच्या एप्रनच्या खिशात होती. कुणी पाहिली नव्हती. केतकीला सरळ शेजारच्या दवाखान्यात न्यावं, साधा न्यूमोनिया म्हणून दाखवावं. जिव्हाळी बंद केली की तिच्यातला शीतल दोन दिवसांत आपोआप मरेल. कुणाला काही कळणार नाही. आण्णांचा खुराक चालू राहील. विचार सुचायला सोपा होता आणि तिला त्याची फार भीती वाटली, कारण तो पटत होता. तिनं आत जाऊन प्रयोगशाळेतल्या बाटल्या पुसल्या. पुसलेल्या बाटल्या पुन्हा पुसल्या. त्या दवाखान्यातला डॉक्टर कपाळ बघेल, गार लागेल. रक्त बघेल, दाहाची खूण दिसणार नाही. पोरगी बरी आहे म्हणून तो औषध हलकं देईल आणि घरी पाठवेल. वैजयंताला हे सगळं समजत होतं आणि तरी ती बाटल्या पुसत होती.

"वैजू," दारातून आण्णांचा आवाज आला. "एक्क्याऐंशी झालंय. तिची नखं बग."

नखं जांभळाच्या रंगाची झाली होती. केतकी डोळे उघडून शांतपणे बघत होती, तिला काही होत नव्हतं, आणि तेच बघवत नव्हतं. चाळीस मिनिटं गेली होती. वैजयंता पळत सुटली आणि तिनं पट्टी बागवान मॅडमच्या टेबलावर ठेवली.

"ही कुणाची?" मॅडमनी विचारलं.

"माझ्या लेकीची."

फरीदा बागवान साठीच्या, बुटक्या, तोंडानं फटकळ बाई. त्यांनी पट्टी उजेडाला धरून बघितली. उठल्या आणि पोरीला स्वतः उचलून फोटोच्या खोलीत घेऊन गेल्या. फोटोत दोन्ही फुप्फुसांचा खालचा भाग पांढराफट होता.

"एवढा न्यूमोनिया झालेलं मूल अंथरुणातून उठत नाही," त्या म्हणाल्या. "आणि ही शाळेला जाऊन आली. किमान तीन दिवसांचं आहे हे. जंतू वाढतायत, आणि आपला शीतल सगळ्यांना गप्प बसवतोय. किती वाजता कळलं तुला?"

"साडेबाराला."

मॅडमनी घड्याळाकडं बघितलं. सव्वा वाजला होता. त्यांनी पुढं विचारलं नाही, आणि वैजयंताला वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

केंद्राला लागूनच रुग्णालय होतं. तिथं केतकीला प्राणवायू लावला, सलाईनमधून औषध सुरू झालं. मग मॅडमनी वैजयंताला बाजूला घेतलं.

"नीट ऐक. न्यूमोनियाचं औषध चालू आहे, पण औषध एकटं लढत नाही, अंग लढतं. हिच्या अंगाला लढाई आहे हेच माहीत नाही. शीतलला मारायचा फवारा आपल्याकडं आहे. तीन वाजता दिला तर पहाटेपर्यंत तो संपेल. पण तो संपला की तीन दिवसांच्या दाबलेल्या हाका एकदम सुटतील. त्या पुरानं फुप्फुसं भरून जाऊ शकतात. मी थोडं स्टेरॉइड हाताशी ठेवीन. जास्त दिलं तर पुन्हा तेच, राखण झोपली. कमी दिलं तर..."

"आणि फवारा दिला नाही तर?"

"उद्या दुपारपर्यंत ती शांतपणे जाईल. खोकला न येता."

वैजयंतानं सही केली. अक्षर तिचं तिला ओळखू आलं नाही.

"आणि अट तुला माहीत आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चिरला. "एक्केचाळीस जणांना आत्ता निरोप जाईल. आठ वर्षं गं माझी. जाऊ दे. घरातल्या बाटल्या परत आणायच्या. आण्णांच्या बाटल्या तू आण."

"आण्णांचं काय होईल?"

"स्टेरॉइड पुन्हा सुरू करू. तुला मी खोटं सांगणार नाही."

संध्याकाळी तिनं आण्णांना घरी पाठवलं. नवऱ्याला, शशिकांतला फोन केला; तो गुजरातेत समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला होता, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोचणार होता. आण्णा रिक्षात बसेपर्यंत ती त्यांच्यासोबत गेली. जेवून घ्या म्हणाली, दार लावून घ्या म्हणाली. बाटल्यांचं बोलली नाही. विसरली नव्हती. फ्रीजमध्ये तीन भरलेल्या बाटल्या होत्या, म्हणजे दीड महिना. दीड महिन्यात काहीतरी सापडतं, नवा नियम निघतो, देव डोळे उघडतो. पोरगी आजोबांपासून लांब ठेवता येईल. असा विचार करताना तिला स्वतःचीच किळस आली, तरी ती बोलली नाही.

रात्रीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. दर दोन तासांनी मॅडम येऊन पट्टी करत, आणि जांभळी रेघ फिकी होत गेली. पहाटे पाचला रेघ उठलीच नाही. शीतल मेला होता.

"आता?" वैजयंतानं विचारलं.

"आता तिनं खोकायला हवं," मॅडम म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

सहा वाजले. केतकी मुखवट्याखाली उथळ श्वास घेत पडली होती. कपाळ गार. साडेसहा. कपाळ गारच. मॅडम एकदा यंत्राकडं आणि एकदा पोरीकडं बघत होत्या, आणि त्यांच्या बघण्यातली भीती वैजयंताला दिसली. राखण इतके दिवस झोपवली, ती उठेल कशावरून? उठायला काही उरलंय का? आयुष्यभर तिनं लोकांचा खोकला थांबवायचं काम केलं होतं. आता ती पोरीच्या कानाशी वाकून, परक्या माणसांसमोर, वेड्यासारखी म्हणत होती, "खोक की गं माझे बाई. एकदा खोक. खोक ना."

पावणेसातला तिच्या तळव्याला ऊब लागली. आधी तिला आपल्याच हाताची वाटली. मग नर्सनं काटा बघितला, शंभर पॉइंट चार. वैजयंता तोंडात पदर कोंबून रडायला लागली. लेकीला ताप चढला म्हणून आनंदानं रडणारी आई त्या वॉर्डात कुणी पाहिली नव्हती.

आणि केतकी खोकली. एकदा, कोरडं, बारीक. मग दुसऱ्यांदा. मग तिसरा खोकला छातीच्या तळातून आला, तिला उठवून बसवून गेला, आणि पाठोपाठ खोकल्यांची रांगच लागली. डोळे फिरले, ओठ काळेनिळे झाले, यंत्र ओरडायला लागलं. "अठ्ठ्याहत्तर," कुणीतरी म्हणालं. मॅडमनी स्टेरॉइडची सुई हातात घेतली आणि मागं न बघता म्हणाल्या, "हिला बाहेर काढा."

बाहेरच्या बाकावर आण्णा बसले होते, मांडीवर कापडी पिशवी घेऊन.

"खोकली?" त्यांनी विचारलं.

"खोकली. पण..." दाराआड पोरगी खोकतच होती. दोघं ऐकत राहिली. एकेक उबळ आली की आण्णांचे ओठ हलत. ते मोजत होते. दोन उबळींच्या मधे पोरीला श्वास पुरतोय का, ते मोजत होते.

"वाढतंय," बऱ्याच वेळानं ते म्हणाले. "मगा दोन मात्रा मिळत हुत्या. आता चार मिळाय लागल्यात."

थोड्या वेळानं मॅडमनी दारातून डोकं काढलं. केस विस्कटलेले, घामानं चेहरा ओला. "धरलंय," त्या म्हणाल्या. "अजून बाहेर नाही आली, दोन दिवस घोर आहे. पण अंग लढतंय तिचं. आत ये."

वैजयंता उठली, तशी आण्णांनी पिशवी तिच्याकडं सरकवली. आत तीन बाटल्या होत्या.

"फोनवर निरोप आला हुता," ते म्हणाले. "तू सांगायची राहिलीस."

तिनं खाली बघितलं. "राहिले नाही, आण्णा."

"ठाव हाय मला. घरात ठिवल्या असत्या तर मी प्यालो असतो. दम लागला की मानूस कायबी करतो, वैजू, माझा मला भरवसा न्हाई. म्हणून काल घरी ऱ्हायलोच न्हाई. बाटल्या घेतल्या, तीच रिक्षा वळवली आन् हितंच आलो. नर्सबाईला म्हणलं, पोरीला दिलात तो फवारा मलाबी द्या. रातीच घेतला म्या, जनावर मरायची दोन दिस कोन वाट बघतंय. पोर घरी आल्यावर तिला जवळ घ्यायचं का न्हाई मी?"

ती काही बोलणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला, उपरण्याचं टोक तोंडाला लावलं आणि खोकले. सहा महिन्यांत तिनं तो आवाज ऐकला नव्हता. तो खोल, खरखरीत होता आणि संपता संपत नव्हता. शेवटी ते बाकाची कड धरून, मान खाली घालून बसून राहिले. तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आतून केतकीचा खोकला आला, ओला, मोकळा. पुन्हा आण्णांचा. वैजयंता दोघांच्या मधे उभी होती आणि तिचे पाय कुठंच उचलत नव्हते.

"जा आत," आण्णा म्हणाले. "तिला पाणी पाज. माझा खोकला मला ठाव हाय."

ती आत गेली. नर्स म्हणाली, दार लावून घ्या ताई, गार वारं येतंय. वैजयंतानं दार ओढलं, पण पुरतं लावलं नाही. तिला दोन्ही खोकले ऐकू यायला हवे होते.